इंटरनेटवरील जाहिरात आणि वहीतला हिशेब

दुकान इंटरनेटवर टाकले म्हणजे गिऱ्हाईक आपोआप येते, हा समज तरुण व्यावसायिकांनी प्रथम सोडून द्यावा. कोल्हापुरी चपलेचेच उदाहरण घेऊ. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि जगभर चर्चा झाली. परंतु चर्चेने कारागिराच्या घरी मागणी येतेच असे नाही. गिऱ्हाईक गूगलवर जे शब्द टाईप करील तेच शब्द, शिवाय माप, किंमत व गाव आपल्या पानावर हवे. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते. ती आधी करावी.

पैसे देऊन जाहिरात करण्याचा विचार त्यानंतर. तेथे बहुधा दर क्लिकला पैसे कापले जातात, मग चप्पल विकली जावो वा न जावो. समजा, एका क्लिकला ५ रुपये पडले, १०० जणांनी क्लिक केले आणि दोघांनीच चप्पल घेतली. म्हणजे एका जोडामागे जाहिरातीचा खर्च २५० रुपये! जोडामागे २०० रुपयेच सुटत असतील, तर विक्रीबरोबर तोटाही वाढेल. त्यापेक्षा जुन्या गिऱ्हाइकाला, त्याची संमती घेऊन, व्हॉट्सअॅपवर नव्या जोडाचा फोटो पाठवणे स्वस्त पडते. त्याने मागे कोणते माप नेले, एवढे मात्र वहीत टिपलेले असावे.