फिलाडेल्फिया ते फिलाडेल्फिया

दिनांक ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाचा पदवीदान समारंभ झाला, तेव्हा कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांस वैद्यकाची सनद मिळताना पाहण्यासाठी त्यांचे यजमान गोपाळराव तर उपस्थित होतेच, परंतु दूरच्या नात्यातील पंडिता रमाबाईही आपली लहानगी लेक मनोरमा हिला घेऊन इंग्लंडहून मुद्दाम समुद्र ओलांडून आल्या होत्या. अमेरिकेतील महाराष्ट्रीयांचे पहिले स्नेहसंमेलन कोणते, असे कोणी विचारल्यास मी त्या मोजक्या माणसांच्या एकत्र येण्याकडेच बोट दाखवीन. याच शहरी २००९ साली तेथील मराठी माणसांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन भरले. या दोन प्रसंगांमधील १२३ वर्षांचा मागोवा घेणे हे मला ऋण मान्य करण्यासारखेच वाटते.

आरंभीचे प्रवासी परतण्यासाठीच गेले होते. आनंदीबाई मायदेशी आल्या आणि वयाची २२ वर्षेही पुरी होण्यापूर्वी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात निवर्तल्या. त्यांची रक्षा मात्र गोपाळरावांनी, त्यांना अमेरिकेत आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठविली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती विसावली. रमाबाईंनी अमेरिकेतील लोकस्थितीवरील आपला मराठी ग्रंथ १८८९ साली प्रसिद्ध केला. पुढे श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलला आणि १९१३ सालापासून भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले. या सर्वांनी तेथून विद्या आणली. बिऱ्हाड मात्र तेथे थाटले नाही. आशियाई लोकांच्या वसाहतीस १९१७ च्या कायद्याने जवळजवळ बंदीच घातली होती, आणि १९४६ साली जी सवलत मिळाली तीही हिंदुस्थानातून वर्षाला अवघ्या १०० माणसांपुरती. १९६५ च्या कायद्याने हा अडसर काढला, तेव्हा कोठे अभियंते, डॉक्टर आणि विद्यार्थी यांची कुटुंबे तेथे स्थिरावू लागली.

या पिढीचे अग्रेसरत्व मला स्वयंपाकघरात अधिक स्पष्ट दिसते. चक्का विकत मिळण्याची सोय नव्हती. तेव्हा दुकानातील दही पातळ फडक्यात बांधून ते रात्रभर मोरीच्या नळाला टांगावयाचे, खाली पातेले ठेवावयाचे आणि सकाळी त्यात साखर फेटून श्रीखंड करावयाचे. गणपतीच्या आरासीसाठी एखाद्या शाळेचे सभागृह भाड्याने घ्यावयाचे, प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणावयाचा, मूर्ती कोणाच्या तरी सामानातून हजारो मैल जपून आणलेली, आणि आरती संपल्यावर खुर्च्या जागच्या जागी लावून, केर काढूनच किल्ल्या परत करावयाच्या. मराठी ऐकण्याची भूक इतकी, की त्या एका संध्याकाळसाठी दोनदोन तास मोटार हाकण्याचे कोणास ओझे वाटत नसे.

अशा घरगुती मेळाव्यांतूनच संस्था उभ्या राहिल्या. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ मधील. गावोगावच्या मंडळांना एका सूत्रात गोवणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले आणि १९८४ साली त्याचे पहिले अधिवेशन शिकागोतच भरले. पुढे ही अधिवेशने सामान्यतः दर दोन वर्षांनी होत राहिली. महामारीमुळे लांबलेले अधिवेशन २०२२ मध्ये अटलांटिक सिटीस झाले आणि २०२४ चे सॅन होजेस. आज या अधिवेशनांत नाटके होतात, गाण्यांच्या मैफली रंगतात, जेवणाच्या पंगतींस हजारोंची दाटी होते. दह्याचे फडके नळाला टांगणारे हात मात्र आता थकले आहेत, आणि त्यांच्या साऱ्याच आठवणी काही दप्तरी नोंदलेल्या नाहीत; म्हणून प्रत्येक मंडळाने आपल्या ज्येष्ठांजवळ बसून, त्यांच्याच शब्दांत, त्या लिहून घ्याव्यात, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. अमेरिकेत जन्मलेल्या नातवंडांस मराठी शाळेत बाराखडी शिकविणे जितके आवश्यक, तितकेच आजीने पहिला हिवाळा कसा काढला हे सांगणेही आवश्यक आहे.

१८८६ साली रमाबाईंना त्या समारंभात ना पदवी मिळावयाची होती ना मानपत्र. आपल्या एका माणसाच्या गौरवाच्या वेळी आपण तेथे असावे, एवढ्यासाठीच त्या आल्या होत्या. रजा काढून, लेकराबाळांसह विमानाने अधिवेशनास येणारे कुटुंब नकळत त्यांच्याच वाटेने चाललेले असते.