रानजीवांची शुश्रूषा : परवाना कोणाला मिळतो?



संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या मांज्यात पंख अडकून एखादी घार किंवा बगळा खाली पडतो. गल्लीतली पोरे त्याला खोक्यात घालतात, आणि त्यांतला एखादा तरुण विचारतो, "असल्या प्राण्यांना बरे करण्याचे रीतसर लायसन कोठे मिळते?" उन्हाळ्यात माळावरचे काळवीट कठडा नसलेल्या विहिरीत पडले, की खेड्यातला माणूसही हेच विचारतो. या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. मी पशुवैद्य नाही, वकीलही नाही. कामगार संघटनेच्या कामात कायद्याची पुस्तके गरजेपोटी वाचावी लागली. तीच सवय येथे उपयोगी पडली.

परवाना ही वस्तू आपल्या गावाला नवी नाही. बॉयलर सांभाळणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते, वायरमनला लायसन लागते, गाडी हाकणाऱ्यालाही लागते. म्हणून आपल्याला वाटते की याही कामाची एक खिडकी कोठेतरी असेल. तेथे अर्ज करावा, फी भरावी, परीक्षा द्यावी आणि कागद घेऊन घरी यावे. श्रोतेहो, अशी खिडकी आपल्या देशात नाही. व्यक्तीने आपल्या घरी रानटी प्राणी ठेवून त्याची शुश्रूषा करावी, असा वैयक्तिक परवाना भारतीय कायद्यात नाही. जी मान्यता मिळते ती संस्थेला मिळते, जागेला मिळते. माणसाने त्या संस्थेच्या छत्राखाली काम करायचे असते.

अमेरिकेत याच्या उलट रीत आहे. तेथे स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या शुश्रूषेसाठी मध्यवर्ती सरकार व्यक्तीला परवाना देते. अर्जदाराचे वय निदान १८ असावे आणि निदान एक वर्षाच्या काळात त्याने १०० तासांचा अनुभव घेतलेला असावा. त्यांतले फार तर २० तास व्याख्याने व शिबिरे यांचे चालतात. पक्षी १८० दिवसांपेक्षा अधिक ठेवायचा तर वेगळी परवानगी काढावी लागते. इंग्लंडमध्ये १९८१ च्या कायद्याने जखमी पक्षी उचलून, बरा करून सोडण्यापुरती मोकळीक सामान्य नागरिकालाही दिली आहे. प्रत्येक देशाची रीत त्याच्या इतिहासातून येते. आपली रीत कोठून आली, ते पाहू.

आपला मूळ कायदा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. २०२२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती अंमलात आली. काळवीट, लांडगा, माळढोक ही आपल्या माळरानाची लेकरे पहिल्या अनुसूचीत आहेत. पिंजऱ्यात सर्रास दिसणारा पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. या दोन अनुसूचींतल्या प्राण्यांची शिकार कलम ९ ने बंद केली आहे. आता 'शिकार' म्हणजे बंदूक घेऊन मारणे एवढेच नव्हे. कायद्याच्या व्याख्येत पकडणे आणि सापळा लावणे हेही शिकारच आहे. कलम ३९ सांगते की असा प्राणी सरकारची मालमत्ता आहे, आणि तो कोणत्याही मार्गाने ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे वर्दी दिली पाहिजे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा शाबीत झाला तर शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत जाते.

कोणी म्हणेल, "हा काय न्याय? जीव वाचवणाऱ्यालाच धाक?" २०२३ साली उत्तर प्रदेशात हा वाद देशभर गाजला. एकाने जखमी सारस पक्षी बरा केला. पक्षी त्याच्या मागे मागे उडू लागला. वनखात्याने तो ताब्यात घेतला आणि त्या माणसाला नोटीस गेली. लोकांना राग आला, आणि तो समजण्यासारखा होता. पण पक्षी माणसामागे उडू लागला ही गोष्ट आपण प्रेमाची खूण समजतो. शुश्रूषेच्या शास्त्रात ती धोक्याची खूण आहे. माणसाला न भिणारा रानपक्षी रानात टिकत नाही. जखम भरणे ही अर्धी शुश्रूषा. भक्ष्य स्वतः शोधता येणे, शत्रू ओळखता येणे आणि माणसापासून लांब राहणे ही उरलेली अर्धी.

दुसरे कारण असे, की भाबड्या मायेने प्राणी दगावतात. पाखराच्या चोचीत पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाते. दूध पाजले तर पक्ष्याला ते पचत नाही. काळवीट तर इतके भित्रे जनावर, की पकडताना झालेल्या धावपळीने त्याचे स्नायू आतून झिजतात आणि वरून धडधाकट दिसणारे जनावर काही तासांनी किंवा दिवसांनी मरते. विहिरीतून काढलेल्या काळविटाभोवती शंभर माणसे जमून टाळ्या वाजवतात, तेव्हा ती टाळीच त्याच्या जिवावर उठते.

तिसरे कारण व्यापाराचे. पोपट, मुनिया, कासवे यांची चोरटी विक्री चालते. घरी ठेवण्याची मोकळीक सर्वांना दिली, तर प्रत्येक विक्रेता आपला माल 'जखमी होता म्हणून आणला' असेच सांगेल.

ही रीत नीट पाळली तर काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जुन्नरच्या बाजूला ऊसतोड चालू असताना फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. कोयता घेतलेला मजूर घाबरतो, गर्दी जमते, आणि पिल्ले पोरकी समजून उचलली जातात. खरे म्हणजे मादी बहुधा जवळपासच असते. वनखाते आणि माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रात काम करणारी वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था अशा वेळी पिल्ले तपासतात, संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात आणि दूर होतात. रात्री मादी येते व एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. येथे शुश्रूषा म्हणजे काय? तर लवकर बाजूला होणे. याच भागात पूर्वी पकडलेले बिबटे लांबच्या रानात नेऊन सोडले गेले होते. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास करून दाखवले, की जेथे ते सोडले त्या भागांत माणसांवरचे हल्ले वाढले. नुसते सोडणे म्हणजे सुटका नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

हेमलकशाचे उदाहरण आपणांस ठाऊकच आहे. १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी माडिया बांधवांच्या शिकारीतून मागे राहिलेली पिल्ले सांभाळली. त्या काळी वन्यजीवांचा कायदा नुकताच आला होता. एवढ्या मोठ्या कामालाही पुढे मान्यताप्राप्त केंद्र म्हणून कायद्याच्या चौकटीत यावे लागले.

आता ज्याला हे काम खरोखर करायचे आहे, त्याने काय करावे?

पहिली पायरी सर्वांसाठी आहे. जखमी पक्षी दिसला तर हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवावा. खाऊपिऊ घालू नये. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मोठे जनावर असेल तर हात न लावता गर्दी हटवावी. उडायला शिकणारे पिल्लू झाडाखाली दिसले तर फांदीवर ठेवून दूर व्हावे. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकते, ही समजूत खोटी आहे.

दुसरी पायरी शिक्षणाची. औषधोपचार करण्याचा अधिकार १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. ज्याच्या मुलामुलींना ही आवड असेल त्याने उदगीर, शिरवळ किंवा परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयांची वाट धरावी. पण सगळ्यांनी डॉक्टरच व्हावे असे नाही. पिंजरे धुणारा, खाद्य तयार करणारा, नोंदवही लिहिणारा, गाडी चालवणारा, हे सारे या कामाचे कारागीर आहेत.

तिसरी पायरी उमेदवारीची. पुण्याची रेस्क्यू संस्था वनखात्याबरोबर उपचार केंद्र चालवते; नागपूरला वनखात्याचे असेच केंद्र आहे. अशा ठिकाणी जाऊन एकदोन वर्षे हाताखाली काम करावे. जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकाची आणि उपवनसंरक्षक कार्यालयाची ओळख ठेवावी.

चौथी पायरी संस्थेची. दहापाच जणांनी मिळून न्यास नोंदवावा, पशुवैद्य जोडावा, जागा पाहावी आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे रीतसर प्रस्ताव द्यावा. प्राणी कायम ठेवणारे बचाव केंद्र काढायचे तर कायद्याच्या दृष्टीने ते प्राणिसंग्रहालयातच मोडते, आणि त्याला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. कोणता प्राणी केव्हा आला, काय उपचार झाले, कोठे सोडला किंवा केव्हा मेला, याची नोंद चोख हवी. गिरणीतल्या हजेरीपटाइतकीच ही वही महत्त्वाची आहे.

शेवटी मी माझ्या मूळ धंद्यावर येतो. सर्पमित्र मध्यरात्री फोन आला की पदरच्या पेट्रोलने धावतो. कोल्ह्याला उचलणाऱ्या तरुणाने श्वानदंशाची लस आधी घेतलेली नसते. सेवा म्हटली की मजुरीचे, विम्याचे, हातमोज्यांचे बोलायचे नाही, असा आपल्याकडे संकोच आहे. मला तो पटत नाही. जे काम सरकारच्या मालमत्तेसाठी चालते त्याची जोखीम एकट्या माणसाच्या अंगावर टाकणे अन्यायाचे आहे. ओळखपत्र, विमा, लस आणि प्रशिक्षण यांची मागणी संघटितपणे केली पाहिजे. आणि प्रत्येक जिल्ह्याला एक उपचार केंद्र असलेच पाहिजे. १९७९ पासून माळढोकाच्या नावाने अभयारण्य असलेल्या आपल्या नान्नजच्या जिल्ह्याने तर ही मागणी पुढे होऊन करावी. जखमी जनावराला ताशी पन्नास-साठ मैलांच्या वेगाने शेकडो मैल हिंडवून उपचार होत नसतात.

तेव्हा लायसन कोठे मिळते, असे विचारणाऱ्या त्या तरुणाला माझे सांगणे एवढेच : एकट्याच्या नावाचा कागद मागू नकोस. शीक, चांगल्या केंद्रात उमेदवारी कर, चार माणसे जोड आणि मग मान्यता माग. तोवर १९२६ हा आकडा गल्लीतल्या प्रत्येक पोराला पाठ करून दे.