आजोबांची चेतक आणि आरटीओची पायरी

जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळलेली आजोबांची चेतक दिसली की हात शिवशिवतात ना? डावीकडे कलती करायची, किक मारायची आणि थेट कॉलेज! पण थांबा जरा. किक बसली म्हणजे गाडी रस्त्यावर आणायला मोकळी झाली, असं नाही.

आधी आरसी बुक शोधा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे दर 5 वर्षांनी ती नव्याने करावी लागते, आणि त्यासाठी गाडी तपासून घ्यावी लागते. आपल्या देगलूरकरांसाठी आरटीओ म्हणजे एमएच 26, नांदेड. निरीक्षक चासी नंबर कागदाशी जुळवतात. ब्रेक, हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, टायर बघतात. नंबर गंजाखाली दडला असेल तर आधीच घासूनपुसून ठेवा. विमा आणि पीयूसी लागतंच. आजोबा हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म 31 भरा. खर्चाचाही अंदाज ठेवा: 2025 पासून 20 वर्षांवरच्या दुचाकीला नूतनीकरणाचे 2,000 आणि कारला 10,000 रुपये, शिवाय पर्यावरण कर.

आता खरी गंमत. चेतक आली 1972 साली. म्हणजे सुरुवातीच्या चेतकनं पन्नाशी ओलांडलीय! 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार 50 वर्षांवरची खासगी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट एकच, पण कडक: चासी, बॉडी, इंजिन मूळचंच हवं. रील बघून ‘मॉडिफाय’ केलीत की हा दरवाजा बंद.

आणि व्हिंटेज झालेली गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. म्हणून आधी ठरवा, गाडी मिरवायचीय की वापरायचीय? कॉलेजला न्यायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

जर्मनीत 30 वर्षांवरच्या गाड्यांना खास ‘एच’ पाटी मिळते, पण तपासणी चुकत नाही. ब्रिटननं 2018 पासून 40 वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट दिली. पण गाडी धड ठेवायची जबाबदारी मालकाचीच ठेवली.

आपल्याकडेही दोन तपासण्यांमध्ये तब्बल 5 वर्षं जातात. ब्रेकची केबल काही 5 वर्षं वाट बघत नाही. नांदेड रोडवर समोरून उसाचा ट्रक येतो तेव्हा आरसीवरचा शिक्का कामाला येत नाही, ब्रेक येतो. तेव्हा वर्षातून एकदा तुमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गाडी सोडा. केबल, ब्रेक शू, टायर, वायरिंग बघून घ्या. आजोबांनी जपली म्हणून ती तुमच्यापर्यंत आली. आता पाळी तुमची!