उपभोग्य वस्तू आणि छायाचित्रकला

घरातील वस्तूंवरून घरधन्याची ओळख पटते, हा आपला नित्याचा अनुभव होय. परंतु वस्तू हाच छायाचित्राचा प्रधान विषय झाला म्हणजे ही ओळख कितपत पुरी पडते? प्रस्तुत टिपणात दोन चिनी व एका मराठी छायाचित्रकाराच्या कार्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

चीनमध्ये १९७८ नंतर आर्थिक सुधारणांना आरंभ झाला आणि पुढे बाजारातील विपुलता घराघरांत शिरली. बीजिंगचे होंग हाओ यांनी २००१ साली ‘माझ्या वस्तू’ ही चित्रमाला हाती घेतली. नित्य वापरातील वस्तू ते स्कॅनरच्या काचेवर ठेवीत आणि त्या प्रतिमा संगणकावर दाटीने मांडीत. या यंत्राच्या प्रतिमेत दूर-जवळ हा भेद उरत नाही. म्हणून डबा काय, पुस्तक काय, सर्वांना सारखेच महत्त्व येते. चित्र म्हणजे जणू खर्चाची कीर्दच. मात्र या कीर्दीत खर्च करणारा माणूस कोठेच दिसत नाही.

हुआंग छिंगजुन यांनी २००३ पासून निराळी पद्धत अवलंबिली. ठिकठिकाणच्या कुटुंबांना घरातील चीजवस्तू बाहेर मांडावयास लावून, त्यांच्यामध्येच ते कुटुंबीयांचे छायाचित्र घेत. येथे वस्तूला धनी लाभतो; साहजिकच एका घराची दुसऱ्याशी तुलना करता येते.

तथापि टाकून दिलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हे या दोन्ही पद्धतींत अनुत्तरितच राहते. मुंबईचे सुधारक ओलवे (पद्मश्री, २०१६) यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची जी कृष्णधवल छायाचित्रे घेतली, त्यांत याचे उत्तर सापडते. तेथे वस्तू केवळ कचरा होऊन उरते आणि तो उपसणारा माणूस पुढे येतो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बव्हंशी दलितांच्याच वाट्यास आले आहे, हे येथे विसरता येत नाही.

सारांश, उपभोगाचे चित्र वस्तूपाशीच थांबले, तर विपुलतेची शोभा दिसते. तिचे मोल कोण चुकते करतो, ते दिसत नाही. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने पूर्णा तालुक्यातील चुडावा येथील एका घराचे सामान अंगणात मांडून छायाचित्र घेतले, असे समजू. पितळी हंड्याशेजारी प्लॅस्टिकची घागर टिपून त्याचे काम संपणार नाही. ती कोणी विकत घेतली, ती भरून कोण आणते आणि फुटल्यावर कोण उचलते, हे तीन प्रश्न त्याने विचारलेच पाहिजेत.