सहभोजन नव्हे, आमची पंगत

रविवारची पुरवणी उघडली की खाद्यसंस्कृतीचे सदर हमखास सापडते. त्यात पुरणपोळी असते, उकडीचे मोदक असतात, अळूचे फदफदे असते, आजीच्या हातची चव असते. वाचक हो, आमचे त्या मोदकाशी वैर नाही. कुणी वाढले तर आम्ही दोन जास्तच खातो. पण महाराष्ट्राची खाद्यसंस्कृती म्हणून जे ताट मिरवले जाते, त्यात चान्या कुठे आहेत? रक्ती कुठे आहे? येसराची आमटी, हुलग्याचे माडगे, ज्वारीच्या कण्या, निखाऱ्यावर भाजलेला बोंबील, वजडी, मुंडी, पाया हे सगळे कुणाच्या आजीने रांधले? की आम्हाला आज्याच नव्हत्या?

या प्रश्नाला उत्तर देणारी कामे झाली आहेत, हे नोंदवले पाहिजे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन दलितांच्या अन्नाच्या आठवणी गोळा केल्या आणि २००९ साली त्याचे पुस्तक केले. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या चुलीवर काय शिजत होते, कसे शिजत होते आणि का शिजत होते, हे त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता लिहिले. २०२४ साली ते पुस्तक इंग्रजीत गेले आणि मग ज्यांनी मराठीत त्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते, त्यांनाही ते एकाएकी महत्त्वाचे वाटू लागले. असो. पुस्तक वाचून पोट भरत नाही. आम्हाला आज सांगायचे आहे ते एकत्र बसून खाण्याविषयी.

आम्ही काही खवय्ये मित्र आहोत. कुणी मास्तर, कुणी बँकेत, कुणी रेल्वेतून निवृत्त, दोघी-तिघी बाया शिक्षिका, एक नर्स. महिन्या-दोन महिन्यांतून कुणाच्या तरी घरी बसतो. नियम एवढाच की प्रत्येकाने आपल्या घरचा, आपल्या भागाचा एक पदार्थ आणायचा आणि तो कुणाकडून शिकला ते सांगायचे. विकत आणलेले चालत नाही. 'मी फक्त कोल्ड्रिंक आणतो' म्हणणाऱ्या पुरुषांना दुसऱ्या बैठकीपासून बोलावणे बंद केले. त्यामुळे आमच्यातले दोघे जण वयाच्या पन्नाशीत भाकरी थापायला शिकले. त्यांच्या भाकरीला अजून नकाशाचा आकार येतो, पण पापुद्रा सुटतो.

त्या बैठकीत जी मजा येते ती कुठल्याही मोठ्या हॉटेलात येत नाही. बीडकडचा मित्र येसर आणतो. बाजरी आणि डाळी-मसाले भाजून दळलेले ते पीठ पाण्यात कालवून उकळले की घरभर वास सुटतो. लगेच नगरचा म्हणतो, आमच्यात असे नसते, तुम्ही धने जास्त घातले. दोघांची जुंपते. रत्नागिरीकडची ताई सुका जवळा कांद्यावर परतून आणते. नागपूरकरांकडे उपड्या मडक्यावर भाजलेली लांब रोटी असते आणि तिच्याबरोबर असा तिखट रस्सा की कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी यावे. तो पाणी पुसतो आणि पुन्हा वाटी पुढे करतो. पावसाळ्यात पाथरी, घोळ, कुर्डू, तरोटा. या भाज्या बाजारात मिळाल्या तरी आमच्यातली एक मावशी त्या हाताळून नाक मुरडते. शेताच्या बांधावरून कोवळी खुडलेली भाजी आणि ही भाजी एक नव्हे, असे तिचे म्हणणे. ते खरेही आहे.

बोलणे जेवणावरून सुरू होते आणि कुठेही जाते. कुणाची आई खळ्यावरची कामे करून सांजेला पदरात काय घेऊन यायची, कुणाच्या बापाने गिरणीच्या संपात बोंबलाच्या एका पेटाऱ्यावर किती दिवस काढले. हे सगळे सांगताना माणसे हसतात. एरवी सभेत हेच सांगताना त्यांचा गळा दाटतो. हातात घास असला की दुःखाची भाषा वेगळी होते, असे आम्हाला दिसून आले आहे.

पण यात एक धोका आहे. गरिबीच्या अन्नाला आता 'पारंपरिक', 'पौष्टिक' अशी लेबले लावून मिरवण्याची टूम निघाली आहे. आमच्यातल्याच एका हौशी मित्राने एकदा सुकडी करून आणली होती. गूळ जास्त, वरून तूप, चव उत्तम. बैठकीत ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली होती आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन पोरे जगवली होती. त्यांनी वाटी हाताने बाजूला सारली. "त्या सालात खाल्ली तेवढी पुरं झाली, बाबा. तू खा." मित्र वरमला. मग आजींनी त्याला शेजारी बसवून जवळ्यातले खडे कसे निवडायचे ते दाखवले.

चान्यांचेही तेच. मांसाच्या पट्ट्या मीठ लावून उन्हात दोरीवर वाळवायच्या, पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून नाहीतर भिजवून कालवणात घालून खायच्या. चव ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. आमच्याकडे आता कुणी बोकडाच्या करते. पण १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले आणि गावोगावच्या आमच्या माणसांनी ते सोडले, पुढे १९५६ नंतर अनेक घरांनी आणखीही पुष्कळ सोडले. ते चवीची लाज वाटली म्हणून सोडले नव्हते. मेलेले ढोर ओढण्याच्या कामाशी, त्या कामाबरोबर येणाऱ्या गावकीच्या गुलामीशी तो घास बांधलेला होता. बांधलेली दोरी तोडायची तर घासही टाकावा लागला. म्हणून ज्या वडीलधाऱ्यांनी सोडले त्यांच्यासमोर आम्ही आग्रहाची वाटी सरकवत नाही. आणि ज्यांना आठवण चाखायची आहे त्यांना कुणी नावेही ठेवत नाही.

कुणी म्हणेल, खाण्यापिण्याच्या गप्पांना चळवळीच्या वर्तमानपत्रात जागा कशाला? बाबासाहेबांनीच सांगितले नाही का, की सहभोजनाने जात मोडत नाही? होय, सांगितले. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे न झालेल्या भाषणात त्यांनी स्पष्टच मांडले की नुसत्या सहभोजनाने जातीची भावना मरत नाही. रोटीव्यवहार पुरेसा नाही, बेटीव्यवहार झाला पाहिजे आणि जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांवरचा विश्वास उडाला पाहिजे. अनंत हरी गद्रे यांच्यासारख्यांनी झुणका-भाकरीचे सहभोजन मनापासून केले. आम्ही त्यांना कमी लेखत नाही. पण त्या पंगतीत यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे ठरलेले होते.

आम्ही बोलतो ती पंगत वेगळी आहे. आमचे आमच्या लोकांनी पोटभर, चवीने, मान वर करून खाणे. याचीच खरी चीड कुणाला येते ते त्याच भाषणात बाबासाहेबांनी दाखवले आहे. १९३६ च्या एप्रिलची गोष्ट. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावचा एक अस्पृश्य यात्रा करून आला. त्याने आपल्या जातभाईंना जेवण घातले आणि जेवणात तूप वाढले. पंगतीत कुणी सवर्ण नव्हता, कुणाला विटाळ होण्याचा प्रश्न नव्हता. तरी शेकडो हिंदू लाठ्या घेऊन धावून आले, अन्न नासवले आणि पाहुण्यांना बडवले. गुन्हा काय, तर तूप! आमची माणसे चांगले खातात, हा गुन्हा. महाडलाही २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावरून परतलेल्या आमच्या लोकांवर मंडपात हल्ला झाला तेव्हा काही जण जेवत होते. शिजलेले अन्न मातीत मिसळले गेले.

जुन्या गोष्टी म्हणून सोडून द्याव्यात, तर २०१९ साली उत्तराखंडातील टिहरी जिल्ह्यात लग्नाच्या जेवणात सवर्णांसमोर खुर्चीवर बसून जेवला म्हणून एका दलित तरुणाला मारले. तो वाचला नाही. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित शास्त्रज्ञ बाईंनी, सोवळ्यातल्या स्वयंपाकासाठी ठेवलेल्या बाईंनी जात लपवली म्हणून पोलिसात तक्रार केली. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहात सहा टेबले शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. देशातली हुशार पोरे जिथे शिकतात तिथे ही गत!

याच्या उलट कोल्हापूरची आठवण काढावी. हौदाच्या पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी उभे केले, त्यांनी 'सत्यसुधारक' नावाचे हॉटेल काढले आणि महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेत, बरोबरच्यांनाही घ्यायला लावत. इथे यजमान गंगाराम होते आणि पाहुणा राजा होता. शिवाय चहा चांगला असणार, नाहीतर माणूस पुन्हा पुन्हा जात नाही.

आता आपल्याच घरात डोकावू. १९२० साली नागपूरच्या परिषदेला शाहू महाराज अध्यक्ष होते. त्या वेळी बाबासाहेबांनी महार समाजाच्या अठरा पोटजातींना एका पंगतीत बसवले. म्हणजे तोवर त्या बसत नव्हत्या! शंभर वर्षे उलटली. आज बौद्ध, मातंग, चर्मकार, ढोर यांच्या घरात एकमेकांचे डबे किती जातात? जयंतीला एका मांडवात भाषणे होतात आणि जेवायची वेळ झाली की जो तो आपापल्या वस्तीत. आमच्या बैठकीतही पहिली दोन वर्षे सगळे बौद्धच होते. हे एका ताईने बोलून दाखवले तेव्हा सगळे गप्प झाले. मग तिनेच आपल्या शाळेतल्या मातंग समाजाच्या सहकारी शिक्षिकेला बोलावले. त्या बाईंनी आणलेली रक्ती इतकी अप्रतिम होती की पातेले पुसून खाल्ले आणि आमच्या रक्तीत काय चुकते यावर तासभर व्याख्यान ऐकून घेतले. आता त्यांचे यजमानही येतात आणि त्यांचे सासरेही.

पुढची बैठक त्यांच्याच घरी आहे. पाऊस लागला की तरोटा कोवळा असतो, म्हणून तेव्हाची तारीख धरली आहे. वजडी कुणी साफ करायची यावर अजून एकमत झालेले नाही. मागच्या वेळी ज्या पुरुषांनी टाळाटाळ केली त्यांचीच नावे या खेपेस यादीत वर आहेत.