इंधनाची गंजलेली नळी : डाग देऊ नये, बदलावी

बारामती व इंदापूर तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याच्या भागातून दूध व भाजीपाला नेणाऱ्या छोट्या मालमोटारींच्या चाकांनी उडालेला चिखल इंधन भरण्याच्या लोखंडी नळीवर साचतो. तो ओलावा धरून ठेवतो व नळी गंजते. टाकी पूर्ण भरताच वास येणे किंवा थेंब गळणे, ही त्याची खूण होय.

अशा नळीस डाग देणे वा वेल्डिंग करणे जिवावर बेतते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते. हवेहून जड असल्याने ती दुरुस्तीच्या खड्ड्यात साचून राहते. रिकामी टाकीही म्हणून धोक्याचीच समजावी. डिझेलच्या गाडीसही हाच नियम पाळावा.

काम उघड्यावर, चूल व विडीपासून दूर, इंजिन थंड असताना करावे. टाकीत इंधन अगदी थोडे ठेवावे व बॅटरीची ऋण तार सोडवावी. चिखल धुऊन मगच पट्ट्या सैल कराव्यात. जुनी नळी काढताच टाकीचे तोंड स्वच्छ फडक्याने झाकावे. रबरी जोड व पट्ट्या नव्या घालाव्यात. शेजारची बारीक नळी मुरडू देऊ नये; इंधन भरताना टाकीतील हवा तिच्यातूनच बाहेर पडते. शेवटी थोडे इंधन ओतून सांधे तपासावेत. ते कोरडे राहिले, तरच बॅटरी जोडावी.