जुना संगणक, नवा डेस्कटॉप

खडकीतील शाळा असो वा दुर्गम गावातील ग्रामपंचायत, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित साहाय्य संपल्यानंतर जुन्या संगणकांचे काय करावे, हा प्रश्न सारखाच आहे. लिनक्स ही मुक्त प्रणाली त्यावरील एक उपाय होय. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली भारतीय भाषांच्या सोयीसह विकसित केली आहे.

लिनक्समध्ये पडद्यावरील मांडणी, म्हणजे डेस्कटॉप, मूळ प्रणालीपासून स्वतंत्र असते. ती बदलली तरी कागदपत्रे जागच्या जागी राहतात. १९९६ मध्ये आरंभ झालेला केडीई आणि १९९७ मधील ग्नोम हे सर्व सोयींनी युक्त आहेत. एक्सएफसीईला मात्र रॅम कमी लागते. म्हणून जुन्या यंत्रास तो अधिक मानवतो.

प्रथम पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहावी; त्यासाठी हार्ड डिस्कवर काहीही बसवावे लागत नाही. अशा वेळी वेग थोडा कमी असतो, एवढ्यावरून निकाल देऊ नये. मराठी टंकलेखन, जोडाक्षरे आणि छपाई यांची खात्री मात्र अवश्य करावी. त्यानंतरच संगणक निकामी ठरविण्याचा निर्णय घेणे उचित ठरेल.